ट्रॉलीतील भार आणि ट्रॅक्टरचा तोल

उसाचा हंगाम सुरू झाला, की बेळगाव जिल्ह्यातील रस्त्यांवर ट्रॅक्टरांची रीघ लागते. एखाद्या चढावर खच्चून भरलेल्या ट्रॉलीपुढील ट्रॅक्टरची पुढची चाके वीतभर उचललेली दिसतात आणि आपण कौतुकाने म्हणतो, "काय ही ताकद!" वास्तविक तो क्षण भीतीचा आहे. ट्रॅक्टर वळतो तो पुढच्या चाकांनी. ती अधांतरी असताना सुकाणू फिरवून काय उपयोग?

याचे मर्म आपल्या बैलगाडीतच सापडते. जाणता गाडीवान भार किंचित पुढे ठेवतो. तो मागे गेला तर गाडी उलाळ होते व जू वर उचलले जाते. फारच पुढे आला तर बैलांच्या माना दबतात. दोन चाकी ट्रॉलीचे असेच आहे. जुवाच्या जागी ट्रॅक्टरमागचा आकडा आला, एवढेच. मोटारीमागे ओढावयाच्या गाडीच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भाग आकड्यावर असावा, असा संकेत आहे. तो फार कमी असल्यास वेगात मागची गाडी शेपटासारखी हेलकावू लागते.

ट्रॅक्टरच्या बाबतीत तरफेचा नियम लावून पाहा. मागचा आस हा टेकू. दोन्ही आसांतील अंतर २ मीटर आणि आकडा मागच्या आसाच्या ०.८ मीटर मागे आहे, असे समजू. आकड्यावर ५०० किलोग्रॅम भार आला, तर पुढच्या चाकांवरील भार ५०० × ०.८ ÷ २, म्हणजे २०० किलोग्रॅमने घटतो. मुळात तेथे ८०० असतील, तर ६०० उरले, गाडी वळेल. परंतु आकड्यावर १,५०० किलोग्रॅम लादले, तर उरतात अवघे २००! त्यात चढावरील ओढीची भर पडली, की चाके उचललीच म्हणून समजा. आकडा जितका उंच, तितका हा धोका अधिक.

मर्यादा मोजताना ट्रॉलीचे स्वतःचे वजन पुष्कळजण विसरतात. एकूण मर्यादा ३,५०० किलोग्रॅम आणि रिकामी ट्रॉली ९०० किलोग्रॅमची असेल, तर माल २,६०० चाच. तीन हजार किलोग्रॅमचे खोदयंत्र तिच्यावर चढवता येत असले, तरी नेता येणार नाही. शिवाय आकडा, खीळ, टायर यांपैकी ज्याची शक्ती सर्वांत कमी, तीच साऱ्या जोडणीची मर्यादा. बाकीचे कितीही भक्कम असोत.

ओढणे एक, थांबवणे दुसरे. वेग ताशी १५ किलोमीटरचा ३० झाला, की गतिज ऊर्जा चौपट होते. तेवढ्याच ब्रेकने थांबण्यास अंतरही चौपट लागते. ट्रॉलीला स्वतंत्र ब्रेक नसेल, तर उतारावर ती ट्रॅक्टरला मागून ढकलते व प्रसंगी आडवी फिरवते. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे चालक इंजिनाचा रोधच गमावून बसतात.

खीळ निसटली तर? त्यासाठी दांड्याखालून दोन साखळ्या एकमेकींवर तिरक्या बांधतात; सुटलेला दांडा रस्त्यात न रुतता त्यांच्या झोळीत अडकतो. आणि ट्रॉलीच्या पाठीस तांबडे परावर्तक हवेतच, बाहेर लोंबणाऱ्या उसाने न झाकलेले. सायंकाळी शाळेतून सायकलीने परतणाऱ्याला अंधारात उभी ट्रॉली त्यांच्यामुळेच दिसते.