घास भरवू नका, उचलू द्या!

मूल स्वतःच्या हाताने जेवते का, सदऱ्यात हात घालते का, तांब्याने अंगावर पाणी घेते का, याकडे घरात सहसा कोणी मुद्दाम पाहत नाही. मेंदूला इजा झाल्याने हातपाय कडक झालेल्या, स्वमग्न किंवा विकासात मागे असलेल्या मुलांना मात्र हीच कामे जड जातात. ती शिकवणारी उपचारपद्धती म्हणजे व्यवसायोपचार. जेवण, आंघोळ, कपडे, खेळ आणि शाळा हाच मुलाचा ‘व्यवसाय’. भारतात या विषयाचे शिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांच्या पुढाकाराने सुरू झाले.

आजही हे तज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत आढळतात. गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावात रोजचा सराव घरच्यांनाच करून घ्यावा लागतो. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत.

जेवताना मुलाला आडवे ठेवू नये. अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. पाठीला भिंतीचा आधार द्यावा, मान सरळ ठेवावी. ताट सरकू नये म्हणून खाली ओले फडके घालावे. चमचा पकडता येत नसेल तर दांड्याला कापडी पट्टी गुंडाळून तो जाड करावा. कडक हाताच्या मुलाला सदरा घालताना आधी कडक हात घालावा. काढताना तो शेवटी काढावा. बटणे जमेपर्यंत इलॅस्टिकची चड्डी बरी.

शिकवण्याची युक्तीही सोपी आहे. कामाचे लहान तुकडे करावेत आणि शेवटचा तुकडा मुलाकडे सोपवावा. वरणात कुस्करलेल्या भाकरीचा घास आईने मुलाच्या हातात द्यावा, हात धरून ओठांपर्यंत न्यावा. तोंडात मात्र त्याने घालावा. ते जमले की एक पायरी मागे यावे. सांडले तरी रागावू नये. घाईत रोज भरवले, तर हाताला सरावच मिळत नाही.

बीड जिल्ह्यात खरी अडचण हंगामाची आहे. दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पहाटे फडात निघालेल्या आईला भरवणेच सोयीचे वाटते. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची तपासणी वर्षातून दोनदा होते. गावाबाहेर असलेले मूल त्यातून सुटू शकते. म्हणून निघण्यापूर्वी अंगणवाडीताई किंवा आशाताईंना सांगून तपासणी करून घ्यावी, कागद सोबत ठेवावेत. मूल आजी-आजोबांकडे राहणार असेल, तर सराव त्यांनाही शिकवावा. कोपीवर नेले, तर दिवसातले एक जेवण तरी त्याच्याच हाताने होऊ द्यावे.

नऊ महिन्यांनंतरही बाळ आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल, मूठ सतत मिटलेली राहत असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत थांबू नये. या कार्यक्रमाचे पथक अशा बाळांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. गिळताना वारंवार ठसका लागत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

प्रत्येक मूल पूर्ण स्वावलंबी होईलच असे नाही. पण स्वतः घास घेणारे मूल आई फडात असताना उपाशी राहत नाही. तेवढी मजल पुष्कळ मुलांना गाठता येते.