बांधाबाहेरची वस्ती

हाफेनसिटी ही जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराच्या जुन्या बंदरावर उभी राहिलेली वस्ती. तिचे क्षेत्रफळ १५७ हेक्टर असून शहराच्या मध्यभागातून तेथे चालत जाता येते. एल्ब नदीच्या या काठावर पूर्वी धक्के, मालगाड्यांचे रूळ आणि गोदामे होती. माल कंटेनरमधून येऊ लागला तशी जहाजे अवाढव्य झाली. त्यांना खोल पाणी आणि धक्क्यामागे मोठे मैदान लागे. ते नदीपलीकडे मिळाले आणि इकडच्या अरुंद गोद्या ओस पडल्या. महापौर हेनिंग फोशेराऊ यांनी मे १९९७मध्ये वस्तीची योजना जाहीर केली. जमिनीचे भाव आधीच भडकू नयेत म्हणून तोवरची तयारी गुपचूप झाली होती. डच वास्तुरचनाकार केस क्रिस्टियान्स यांच्या चमूच्या आराखड्याला २०००मध्ये मंजुरी मिळाली.

मात्र या वस्तीचे सगळे रंगरूप ठरवले ते पुराने. हॅम्बुर्गपासून समुद्र सुमारे १०० किलोमीटर दूर आहे, तरीही भरती शहरापर्यंत पोचते आणि नदीचे पाणी दिवसातून दोनदा साडेतीन मीटरच्या आसपास चढते-उतरते. त्यातच वायव्येचे वादळ उठले, की उत्तर समुद्राचे पाणी नदीच्या मुखात लोटले जाते. १६ आणि १७ फेब्रुवारी १९६२च्या मधल्या रात्री असेच झाले. पाणी समुद्रसपाटीपासून ५.७० मीटरवर गेले, बांध जागोजागी फुटले आणि एकट्या हॅम्बुर्गमध्ये ३१५ माणसे दगावली. शहराच्या पोलीस खात्याची धुरा तेव्हा हेल्मुट श्मिट यांच्याकडे होती. कायद्यात स्पष्ट तरतूद नसताना त्यांनी बचावासाठी लष्कराला पाचारण केले. पुढे ते देशाचे चॅन्सेलर झाले, पण हॅम्बुर्गकरांच्या मनात त्यांची प्रतिमा त्या रात्रीने कोरली. नंतर शहराचे बांध उंच झाले. १९७६मध्ये पाणी ६.४५ मीटरपर्यंत चढले, तेव्हा ते कामाला आले. जुने बंदर मात्र या बांधांच्या बाहेरच होते.

तेथे लोक राहायला आणायचे, तर सबंध परिसराला बांध घालणे हा सरळ उपाय होता. पण तो बांध पुरा होईपर्यंत एकही घर सुरक्षित ठरले नसते, सगळा खर्च आधीच करावा लागला असता आणि ज्या पाण्यासाठी माणसे येथे येणार, ते भिंतीआड गेले असते. नियोजनकारांनी वेगळा मार्ग धरला. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर शेतकरी शतकानुशतके मातीचे उंचवटे रचून त्यांवर घरे बांधत आले आहेत. तेच तत्त्व येथे आले. प्रत्येक इमारतीचे जोते समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंच घ्यायचे आणि जोत्याच्या पोटात गाडीतळ ठेवायचा. नवे रस्ते आणि पूलही त्याच उंचीवर नेले. जोत्याचा खर्च बांधणाऱ्याच्या माथी पडला आणि वस्ती पश्चिमेकडून पूर्वेकडे टप्प्याटप्प्याने वाढवता आली.

धक्के मात्र चार ते साडेपाच मीटरवर, जुन्याच पातळीवर राहिले. मोठे उधाण आले की ते पाण्याखाली जातात. जेथे दुकाने किंवा खाणावळी खालच्या पातळीवर आहेत, तेथे पोलादी दारे लावून घ्यावी लागतात. जुन्या गोदामांचा शेजारचा परिसर सखल आहे. म्हणून पुरातही अग्निशमन दलाला शहराकडून वस्तीत येता यावे, यासाठी त्यावरून उंच पूल नेला आहे. डिसेंबर २०१३च्या वादळात पाणी सहा मीटरच्या वर गेले. या रचनेची ती खरी कसोटी ठरली. तिचा एक तोटा लपत नाही. झांडटोरकाई या आरंभीच्या भागात पाण्याकडची बाजू देखणी आहे, पण सखल रस्त्यावरून जाणाऱ्याला गाडीतळांच्या कोऱ्या भिंतीच दिसतात. पुढच्या टप्प्यांत रस्तेच उंच घेतल्यामुळे ही उणीव बरीचशी टळली.

जमीनविक्रीची पद्धतही विचारपूर्वक आखलेली आहे. विकासकाला भूखंड लगेच विकत नाहीत, काही काळ त्याच्यासाठी राखून ठेवतात. त्या मुदतीत त्याने वास्तुरचनेची स्पर्धा घ्यायची, आराखडा पक्का करायचा आणि परवानगी मिळवायची, पैसे त्यानंतर. निवड करताना बोलीपेक्षा संकल्पनेला अधिक वजन असते. पहिली घरे श्रीमंतांसाठीच असल्याची टीका झाली आणि ती रास्त होती. पुढच्या टप्प्यांत सुमारे तृतीयांश घरे अनुदानित ठेवण्याचे धोरण आले.

जगाला मात्र ही वस्ती ठाऊक आहे ती जानेवारी २०१७मध्ये उघडलेल्या एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहामुळे. कोको, चहा आणि तंबाखूच्या जुन्या गोदामावर ते उभे आहे. करदात्यांवरचा भार ७.७ कोटी युरोंवरून ७८.९ कोटींवर गेला, हेही त्याच्या कीर्तीत भर घालते.

जमिनीच्या विक्रीतला पैसा आरंभी एका नव्या कंटेनर बंदराकडे वळवण्याचे ठरले होते. हे बंदर आल्टेनवेर्डर येथे २००२मध्ये सुरू झाले. त्यासाठी त्याच नावाचे मच्छीमारांचे गाव उठवावे लागले. तेथे आता फक्त चर्च उरले आहे. खुद्द हाफेनसिटीतलाही एक बेत रखडला. तिच्या पूर्व टोकाला एल्बटॉवर हा २४५ मीटर उंचीचा मनोरा उभारायचा होता. त्याचे काम २०२३मध्ये सुमारे १०० मीटरवर थांबले.