तेहतीस घरांचा कारभार

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, एक्समूरच्या माळाच्या दक्षिणेला मोरबाथ नावाचं खेडं आहे. सोळाव्या शतकात इथे जेमतेम ३३ घरं होती. एवढ्याशा गावाचा कारभार आज बारकाईने कळतो तो ख्रिस्तोफर ट्रिकी या पाद्र्यामुळे. १५२० मध्ये तो गावात आला, १५७४ मध्ये तिथेच वारला. मधली चोपन्न वर्षं चर्चचे हिशेब तो लिहीत होता. हे हिशेब दरवर्षी गावासमोर मोठ्याने वाचले जात.

मोरबाथमध्ये संतांच्या नावाने वेगवेगळे निधी होते. तरुण मुलांचा एक, मुलींचा एक. त्यांचे कारभारी गावकरीच असत. चर्चच्या मेंढ्या घरोघरी सांभाळायला दिलेल्या असत आणि लोकरीचे पैसे निधीत जमा होत. कारभाराची पाळी घरावर ठरे, त्यामुळे विधवा बाईकडेही प्रमुख चर्चवॉर्डनचं, म्हणजे चर्चच्या मुख्य कारभाऱ्याचं, काम येई. चर्चच्या सेवकाला कोणी किती द्यायचं यावरून गावात काही वर्षं तंटा चालला. १५३६ मध्ये गावाने बसूनच तो मिटवला. गावकीची खरी ताकद अशा तडजोडीतच दिसते.

मग लंडनहून जुने कॅथलिक रिवाज मोडून प्रोटेस्टंट पंथ आणणारे हुकूम येऊ लागले. सहाव्या एडवर्डच्या राजवटीत निधी मोडले, मेंढ्या गेल्या. मृतांसाठीच्या प्रार्थनेला काळी वस्त्रं हवीत म्हणून ट्रिकीने वीस वर्षं पै-पै जमवली होती. वस्त्रं आली आणि ती प्रार्थनाच बंद झाली. १५४९ मध्ये नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्ध डेव्हन-कॉर्नवॉल पेटलं, तेव्हा मोरबाथने पाच जवान बंडखोरांच्या छावणीत धाडले. त्यांचा खर्चही हिशेबात लिहिलेला आहे!

सरकारने पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली गावकी, मोडली मात्र नाही, उलट तिच्यावर कामं लादली. जन्म-लग्न-मृत्यूची नोंदवही १५३८ पासून पाद्र्याकडे होतीच. १५५५ च्या कायद्याने रस्तेदुरुस्ती गावकऱ्यांच्या अंगावर आली, तीही बिनपगारी. १६०१ च्या कायद्यानुसार प्रत्येक पॅरिशने गरिबांसाठी पट्टी वसूल करायची आणि त्यांना पोसायचं, असं ठरलं. त्यामुळे परगावचा गरीब आपल्या हद्दीत स्थायिक होऊ नये, यासाठी इंग्लंडभर गावागावांत कोर्टकज्जे झाले.

१८३४ नंतर गरिबांचं काम पॅरिशकडून काढून अनेक गावांच्या संघाकडे दिलं गेलं. मोरबाथ टिव्हर्टनच्या संघात गेलं. १८९४ मध्ये ग्रामीण पॅरिशचा नागरी कारभार चर्चपासून वेगळा झाला. लहान गावांना ग्रामसभा, मोठ्यांना निवडून आलेली परिषद मिळाली. त्या परिषदेसाठी मत द्यायचा आणि उभं राहायचा हक्क विवाहित स्त्रियांनाही मिळाला. संसदेसाठी मत द्यायला मात्र इंग्लंडमधल्या स्त्रियांना १९१८ पर्यंत थांबावं लागलं.