रमाबाईंचा देवावरील भरवसा

मोर्शी-वरुड भागातील संत्राबागाईतदाराला देवावरील भरवसा हा केवळ प्रवचनाचा विषय वाटत नाही. एका गारपिटीत आंबिया बहार झडून जातो, विहिरीचे पाणी वर्षागणिक खोल जाते आणि घरातील वडीलधारे म्हणतात, ‘देव पाहून घेईल.’ हा उद्गार धीर देणारा की हात बांधणारा? या प्रश्नाची दोन्ही उत्तरे एकाच आयुष्यात भोगलेली एक व्यक्ती महाराष्ट्रात होऊन गेली. ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पत्नीला व मुलींना संस्कृत शिकविण्याइतके ते धीट होते. परंतु 1874 च्या सुमारास दुष्काळाने गाठले तेव्हा या कुटुंबाने जवळचे द्रव्य दानधर्मात व अनुष्ठानांत खर्चून टाकले. शास्त्र्यांच्या घरात मोलमजुरी कोणी शिकलेले नव्हते आणि भीक मागणे लाजिरवाणे होते. उपास, तीर्थस्नाने, मूर्तींपुढे तासन्‌तास प्रार्थना, पोटात झाडाचा पाला. अखेर वडिलांनी जलसमाधीचा निश्चय केला, तेव्हा कुठे थोरला भाऊ प्रतिष्ठा बाजूला सारून मजुरी करण्यास तयार झाला. तोवर उशीर झाला होता. वडील, आई व बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. सोळा वर्षांच्या रमेची श्रद्धा त्या दुष्काळातच ढासळू लागली.

पुढे 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. हाती एक लहान मुलगी राहिली. 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि ही शरणागती मुकाट्याने मान तुकविणारी नव्हती. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असा वाद त्या इंग्रज जोगिणींशी घालीत. ख्रिस्ती धर्म आधी मिळाला, ख्रिस्त मात्र आठ वर्षांनी सापडला, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

या भरवशाची खरी कसोटी 1896-97 च्या दुष्काळात लागली. मध्यप्रांतातील अन्नछत्रे व दुष्काळी कामे त्यांनी स्वतः पाहिली आणि सुमारे तीनशे मुली-बायका आपल्या आश्रयास आणल्या. अमेरिकन साहाय्यकांनी दहा वर्षांपुरते दिलेले वचन तेव्हा संपत आले होते. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने केवळ प्रार्थनेच्या आधारावर अनाथालये चालविली होती. त्याचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. आपणही तसेच करावयाचे, असे त्यांनी ठरविले. पण केडगावला त्या नुसत्या प्रार्थना करीत बसल्या नाहीत. तेथील माळावर विहिरी खोदल्या, फळबाग लावली, माग बसविले, छापखाना घातला. बापाच्या घरी देवावर हवाला टाकणे म्हणजे काम थांबविणे होते. लेकीच्या घरी काम तेथूनच सुरू झाले. 1899-1900 चा दुष्काळ आला, तेव्हा मुक्तिसदनातील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

त्याच काळात वऱ्हाडही होरपळत होता. अकोला व खामगाव येथे अलायन्स मिशनने अनाथालये चालविली. अकोल्यास काही काळ काम केलेल्या जेनी फुलर यांच्या भारतीय स्त्रीच्या दुःस्थितीवरील पुस्तकास रमाबाईंनीच प्रस्तावना लिहिली. ते 1900 साली निघाले.

दुष्काळात पोरकी झालेली मुलगी आश्रयदात्याचा धर्म ‘निवडते’ याचा अर्थ काय, असे समकालीनांनी विचारले होते, आणि तो प्रश्न अगदीच अनाठायी नव्हता. परंतु विचारणाऱ्यांपैकी किती जणांनी अशा एका मुलीला तरी घरी नेऊन जेवू घातले, हेही विचारावयास हवे.

1921 मध्ये त्यांची एकुलती कन्या मनोरमा वारली. कार्याची वारस म्हणून तिलाच त्यांनी घडविले होते. स्वतः रमाबाईंना त्या सुमारास ऐकू येईनासे झाले होते. मूळ हिब्रू व ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरविण्याचे काम मात्र त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या निवर्तल्या. तो संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये प्रसिद्ध झाला. केडगावच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळविले ते मुक्तिसदनातील बायकांनीच.