अंगठा पुन्हा ठेव, मावशे!

मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यातील, वीटभट्टीवर राबणारी एक बाई गेल्या हिवाळ्यात माझ्या कार्यालयात आली. हातात परराज्यातील पोलिसांची नोटीस होती आणि तीही इंग्रजीत. तिच्या नावावरील मोबाईल क्रमांकावरून कोणा निवृत्त गृहस्थास फोन गेला, त्याची रक्कम बुडाली, सबब चौकशीस हजर राहावे, असा मजकूर. तो क्रमांक बाईने जन्मात पाहिलेला नव्हता. ती म्हणाली, "म्या तं एकच शिम घेतलं होतं, वकीलसायेब. बजारात छत्रीखाली पोरगा बसला होता. अंगठा उमटत न्हाई मने, पुन्हा ठेव मावशे. तीनदा ठेवला."

विटा उचलून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही ही खरी गोष्ट आहे. म्हणून तिला शंका येण्याचे कारण नव्हते. पण त्या जादा अंगठ्यावर निघालेले दुसरे सिम गेले कोठे? ते कोणाच्या खिशात गेले नाही, एका यंत्रात गेले. हे यंत्र समजून घ्यायचे तर आधी साध्या कार्यालयातील टेलिफोनकडे पाहिले पाहिजे.

पूर्वी मोठ्या कचेरीत एक बोर्ड असे. बाहेरून दोन-चार लाईनी येत, आत वीस-पंचवीस टेबलांवर फोन असत आणि ऑपरेटर जोडून देई. आज तो बोर्ड म्हणजे संगणकातील एक प्रोग्राम आहे. आवाजाचे तुकडे होऊन ते इंटरनेटवरून धावतात. आपल्या देशात २००२ च्या एप्रिलपासून संगणकावरून परदेशी फोन करण्याची मर्यादित मुभा मिळाली आणि २०१८ पासून परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून साध्या फोनवरही बोलणी जोडून देता येऊ लागली. स्वस्त पडते, मुंबईची आणि बुलडाण्याची शाखा एकाच बोर्डावर येते. सोय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु जो बोर्ड इंटरनेटवर उघडा आहे त्याचे दार जगातला कोणीही ठोठावू शकतो. ठोठावणारा माणूस नसतोच, प्रोग्राम असतो. तो अहोरात्र उघडे बोर्ड शोधत फिरतो आणि टेबलाचा नंबर १०१, पासवर्डही १०१, असे करून पाहतो. एका व्यापारी अशिलाच्या बाबतीत नेमके हेच घडले. बोर्ड बसविणाऱ्याने कारखान्याचा पासवर्ड तसाच ठेवला होता. शनिवारी कुलूप लागले. सोमवारी उघडेपर्यंत दूरदेशीच्या महागड्या क्रमांकांवर शेकडो फोन जाऊन बसले होते. त्या क्रमांकांच्या मिनिटामागच्या कमाईत चोराचा वाटा ठरलेला असतो, म्हणून हा धंदा चालतो. बिल आले ते मात्र मालकाच्या नावाने. फोन आम्ही केले नाहीत, असे तो सांगत राहिला. कंपनीचे म्हणणे एवढेच की, तुमच्या बोर्डावरून गेले, तुम्ही भरा.

येथे कायद्याची एक वाट बहुतेकांना ठाऊक नसते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ व ६६ खाली दुसऱ्याच्या संगणक यंत्रणेत शिरणे हा गुन्हा तर आहेच, पण नुकसानभरपाईसाठी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे न्यायनिर्णय अधिकारी म्हणून पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावाही करता येतो. फक्त चोर सापडावा लागतो! तो सापडत नाही म्हणून दक्षता आधी. गरज नसेल तर आंतरराष्ट्रीय सेवा कंपनीला लेखी देऊन बंद करावी, रोजच्या खर्चाला मर्यादा घालून घ्यावी, प्रत्येक टेबलाला लांब व वेगळा पासवर्ड द्यावा आणि बोर्ड थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. बसवून देणाऱ्याशी करार करताना सुरक्षेची जबाबदारी कोणाची, हे एक वाक्य त्यात लिहून घ्या. माझ्या अशिलाच्या करारात ते नव्हते.

आता त्या सिमकडे येऊ. परदेशातून इंटरनेटने आलेला फोन भारतातील मोबाईलवर रीतसर उतरवायचा तर मिनिटामागे शुल्क द्यावे लागते. २०१८ च्या फेब्रुवारीपासून ते ३० पैसे होते, २०२० च्या मेपासून ३५ ते ६५ पैसे ठरले. लाखो मिनिटांचा हिशेब केला की चोरट्या वाटेचे मोल कळते. सिमबॉक्स नावाच्या यंत्रात पन्नास-शंभर सिमकार्डे घालायची, परदेशातील फोन इंटरनेटवरून त्यात घ्यायचा आणि एखाद्या सिमवरून स्थानिक फोन म्हणून सोडून द्यायचा. अमर्याद बोलण्याच्या पॅकेजमुळे खर्च जवळपास शून्य. ज्याला फोन येतो त्याच्या पडद्यावर साधा भारतीय क्रमांक दिसतो. बोलणारा कंबोडियात आहे की दुबईत, कळायला मार्ग नाही. सरकारचा महसूल बुडतोच, शिवाय पोलिसांचा माग त्या सिमपाशी येऊन थांबतो. सिम कोणाचे? वीटभट्टीवरल्या बाईचे.

हे मुंबई-दिल्लीचे प्रकरण आहे असे कोणी समजू नये. २०१७ च्या जूनमध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने लातूर जिल्ह्यात अशीच बेकायदा टेलिफोन एक्सचेंज उघडकीस आणली व सिमकार्डांसह यंत्रे जप्त केली. लातूर आपल्यासारखाच जिल्हा. त्याआधी २०१६ च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथून इंटरनेट टेलिफोनने अमेरिकेत फोन लावून, आयकर खात्यातून बोलतो अशी दहशत घालून लुबाडणूक चालली होती. सातशेवर तरुण-तरुणींची चौकशी झाली, सुमारे सत्तर जणांना अटक झाली. मुख्य सूत्रधार म्हणून ज्याचे नाव पुढे आले तो दुबईला निसटला आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये मुंबई विमानतळावर हाती लागला. पहिल्या रात्री पोलिसांच्या गाडीत बसली ती हेडफोन लावून महिना पगारावर बोलणारी पोरे. आपल्या वस्त्यांतील बारावी-पदवी झालेली मुले आज "टेलिकॉलर पाहिजेत" अशा जाहिराती वाचून पुण्याला जातात. कोणाच्या वतीने, कोणत्या नावाने बोलायचे आहे, हे नेमणुकीआधी विचारा. खोटे नाव घ्यायला सांगितले तर त्याच दिवशी बाहेर पडा.

सरकारने काही केले नाही असे नाही. भारतीय क्रमांकाचा मुखवटा घालून परदेशातून येणारे फोन अडविणारी यंत्रणा २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम ४२ प्रमाणे विनापरवाना दूरसंचार सेवा चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. फसवणुकीने किंवा तोतयेगिरीने सिम मिळविणाऱ्यास तीन वर्षे किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सिम विकणाऱ्यांची नोंदणीही सक्तीची झाली. पण आमच्या अनुभवात कागदावर ज्याचे नाव, त्याच्याच दारात पोलीस आधी येतात. गरिबाचे नाव या धंद्यात कच्चा माल आहे आणि तो फुकट मिळतो.

त्या बाईची नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (३) ची होती, म्हणजे जुने ४१ अ. ही नोटीस म्हणजे अटक नव्हे, पण ती फेकून देणे सर्वात वाईट. अशी नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठविणे ही रीतसर बजावणी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत सांगितले आहे. आम्ही लेखी उत्तर दिले, सिम विकत घेतल्याचा दिवस व जागा कळविली, अर्जावरील फोटो व अंगठ्याची वेळ कंपनीकडून मागवावी अशी विनंती केली. एकाच बैठकीत काही मिनिटांच्या अंतराने दोन सिम निघाल्याचे दिसले तर सगळा प्रकार उघड होतो. वकिलाची फी कोठून आणू, असे तिने विचारले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचाही समावेश झाला, हे आपल्यातही अनेकांना सांगावे लागते. जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज पुरतो.

नंतर एका रविवारी विहारात वंदनेनंतर आम्ही पोरांना बसविले. केंद्राच्या संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती क्रमांक आहेत ते पाहता येते. एका नावावर नऊपेक्षा जास्त नकोत असा नियम आहे. जो आपला नाही त्यावर "हा माझा क्रमांक नाही" अशी खूण करायची. पैसे गेले असतील तर १९३० वर तत्काळ कळवायचे. दुपारपर्यंत चाळीसेक जणांची यादी तपासून झाली. रांगेत शेवटी एक म्हातारे बाबा होते. त्यांच्याकडे एकच फोन, तोही बटणांचा. पडद्यावर चार क्रमांक आले. बाबांनी चष्मा पुसला आणि विचारले, "बाकीचे तीन कोण बोलून राह्यले, रे?"