आठ आणि पाचातला 'डिफरन्स'

आमची भाची सध्या आमच्याकडे राहून बी.एड. करते. तिचा विषय इंग्रजी. सरावपाठांसाठी ती इंदूरच्याच एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जात होती. पाचवीचे गणिताचे सर रजेवर गेले आणि चार दिवस तो तास तिच्या गळ्यात पडला. पहिल्याच दिवशी घरी येऊन म्हणाली, "मामा, मी विचारलं, आठ आणि पाचमध्ये डिफरन्स काय? एक मुलगी म्हणाली, आठ इव्हन आहे आणि पाच ऑड. आता तूच सांग, तिचं चुकलं का?"

चुकलं नव्हतंच. इंग्रजीच्या तासाला डिफरन्स म्हणजे फरक आणि गणिताच्या तासाला वजाबाकी करून आलेलं उत्तर. टेबल, पॉवर, रूट, व्हॉल्यूम, प्रॉडक्ट हे शब्दही असेच दोन घरचे पाहुणे. गणिताच्या शिक्षकाला त्यांचा एकच अर्थ दिसतो, इतका तो सवयीचा झालेला असतो. इंग्रजी शिकवणाऱ्याला दुसराही दिसतो, पण त्याला तिथे विचारतो कोण?

परक्या भाषेतून विषय शिकवण्याच्या पद्धतीला युरोपात 'क्लिल' म्हणतात. डेव्हिड मार्श यांनी 1994 मध्ये हे नाव रूढ केलं. तिथे बहुधा एखाद-दुसरा विषय परक्या भाषेतून असतो, बाकीचं शिक्षण स्वतःच्या भाषेत चालतं. पाठ आखताना आज भूगोल कोणता आणि भाषा कोणती, दोन्ही ठरवायचं असतं. महाराष्ट्रातल्या आपल्या नातेवाइकांकडचं 'सेमी इंग्लिश' वरवर पाहता याच्या जवळचं: मराठी शाळा, फक्त गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. आपल्याकडे मात्र मूल नर्सरीपासूनच इंग्रजीत बुडवलं जातं, आणि त्या इंग्रजीची वेगळी आखणी क्वचितच होते. ही उणीव ओळखूनच दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये 'लँग्वेज अक्रॉस द करिक्युलम' हा पेपर आला. विषय कुठलाही असो, शिक्षक भाषेचाही असतो, एवढंच तो सांगतो.

रविवारी पोह्यांच्या निमित्ताने भाचीच्या मैत्रिणी आमच्याकडे जमतात, तेव्हा यावर वाद रंगतो. एक म्हणते, कविता समजावू, पण पान हिरवं का असतं असं कुणी विचारलं तर आमची दांडी गुल. दुसरीला हे सगळंच अमान्य. विषय अर्धा, भाषा अर्धी, मूल अधांतरी. तिसरी हिंदी माध्यमातून शिकलेली, इंग्रजी तिला उशिरा भेटली. ती म्हणाली, "मूल कुठे अडतं ते मला कळतं, कारण मीही तिथेच अडले होते." मला तिचं म्हणणं सगळ्यात मोलाचं वाटतं. बाकीच्या दोघींच्या अडचणी खऱ्या आहेत, पण वर्गात उभं राहिल्यावर उपयोगी पडणार ते हिचं ज्ञान.

आपण घरची माणसं एका गोष्टीत हमखास फसतो. नातू मॉलमध्ये फाडफाड इंग्रजी बोलतो, म्हणजे त्याला इंग्रजी येतं असं धरून चालतो. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा अभ्यास करून दाखवलं, की बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण शाळेच्या पुस्तकातली भाषा अंगवळणी पडायला पाच ते सात वर्षं लागतात. अडतं ते मोठ्या शब्दांपाशीच असं नाही. 'म्हणून', 'तरीही', 'जोपर्यंत' यांचे इंग्रजी भाऊबंद वाक्यात आले की गाडी थांबते.

त्यात आपल्या घरांची गंमत वेगळी. आजोबा म्हणतात अपूर्णांक, शेजारचे काका म्हणतात भिन्न, पुस्तकात फ्रॅक्शन. दशांश, दशमलव, डेसिमल. अवयव, गुणनखंड, फॅक्टर. (पुण्याहून नव्याने आलेल्या सुनेला 'शिक्षा विभाग' ही पाटी वाचून धडकी भरते, ते निराळंच!) मूल गोंधळेल म्हणून आपण आजोबांनाच गप्प करतो. भाचीच्या मते हे उलटं आहे. पोळीचे चार भाग करून त्यातला एक खाल्ला, हे मराठीत कळलं की कल्पना पक्की झाली. मग फ्रॅक्शन हे तिचं आणखी एक नाव. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही किमान पाचवीपर्यंत, शक्यतो आठवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे, आणि गणित-विज्ञानाची पुस्तकं दोन भाषांत करण्याचा उल्लेख आहे. इंदूरमध्ये आपल्या मुलांसाठी ती घरची भाषा सध्या तरी घरातच मिळणार.

आपल्याच राज्यात ऑक्टोबर 2022 मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं निघाली. इंग्रजी संज्ञा तशाच देवनागरीत छापल्या म्हणून लोक हसले. मीही हसलो होतो. आता वाटतं, दोन संज्ञांना जोडणारं वाक्य विद्यार्थ्याच्या ओळखीचं होतं, हे मी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाचीने फळ्यावर आठ लाडू काढले, पाच पुसले. मुलांना आधी आपापल्या भाषेत सांगायला लावलं: आठ में से पाँच गए, आठातून पाच गेले. मग इंग्रजी वाक्य दिलं आणि डिफरन्सचे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी लिहिले. कालच्याच मुलीने हात वर केला, "मॅडम, फिर प्रॉडक्ट में क्या बनता है?"