पहिल्या पन्नास पानांचं मत

अवघड कादंबरी आणि नवं सासर, दोन्हींविषयी पहिल्या आठवड्यात बनलेलं मत जन्मभर पुरतं! सासरचं ज्याचं त्याला ठाऊक. कादंबरीचं मात्र मला कोसाडला नीट उमगलं.

कोसाड म्हणजे सुरतेहून भडोचच्या वाटेवर, उत्राणनंतरचं स्टेशन. तिथे माझी मावसबहीण राहते. पोटापाण्यासाठी सुरतेकडे आलेली खानदेशी कुटुंबं पुष्कळ. तिच्या शेजारीही जळगावकडचं एक घर आहे. त्या घरात भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'वरून वाद रंगला होता.

ही कादंबरी १९६३ साली आली, तेव्हा लेखक अवघे २५ वर्षांचे. सांगवीचा पांडुरंग पुण्याला शिकायला जातो आणि हरून गावी परततो. ठाशीव कथानक नाही, मध्येच रोजनिशी, बोलणं तिरकस. शेजारच्या आजोबांनी कॉलेजात असताना हॉस्टेलच्या भानगडींपाशीच पुस्तक मिटलं. 'टवाळ पोराची बडबड' हे मत ४० वर्षं टिकलं. सूनबाईंनी मात्र पुस्तक मधेच उघडलं, नेमकं पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी. त्या रडल्या, मग पहिल्या पानाकडे वळल्या. आतलं दुःख आधीच कळल्याने तीच बडबड त्यांना वेगळी ऐकू आली.

नातू गुजराती माध्यमातला. आजोबांचं मत ऐकून तो पुस्तकाला शिवतही नव्हता. आईने त्याला 'कोशेटो' हा गुजराती अनुवाद आणून दिला. आता तो मराठी प्रत घेऊन बसतो, अडलेले शब्द आजोबांना विचारतो, आणि आजोबांना ती पुन्हा उघडावी लागते!

आपल्याकडे तरी काय वेगळं? अनंतमूर्तींची 'संस्कार' १९६५ची. तिच्यावरचा चित्रपट सेन्सॉरने आधी अडवला, मग १९७०चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच मिळाला. कितीतरी घरांत वाद आधी पोहोचला, पुस्तक नंतर. काहींच्या घरी ते अजून यायचंच आहे.

दोन भाषांच्या घरांना एक सोय असते. एका भाषेचं दार जड वाटलं तर दुसरीचं उघडावं. 'कोसला' कन्नडमध्येही गेली आहे. मुलांच्या हाती असं पुस्तक देताना मनाला भिडलेलं एखादं प्रकरण आधी वाचून दाखवावं. आपलं मत मात्र सोबत बांधून देऊ नये. मुलं पुस्तक विसरतात, घरातल्या मोठ्यांचा शेरा विसरत नाहीत.